नणंदेच्या मापाचा बार

माझा नवरा भरवेलीच्या खाणीत माल पारखायच्या कामावर होता. मँगनीजचा दगड उचलायचा, हातात जरा वर-खाली करायचा आणि सांगायचं, हा पहिल्या प्रतीचा, हा दुसऱ्या, हा फेका. पुढे साहेब लोक यंत्राने तपासायचेच, पण नवऱ्याचं म्हणणं असं की यंत्र त्याचंच ऐकून आकडा दाखवतं. "जड तो माल, हलकी ती माती," हे त्याचं वाक्य. खाणीत ते खरं होतं. पण तो ते वाक्य रोज संध्याकाळी डब्याबरोबर घरी घेऊन यायचा.

त्याला मी इथे नवराच म्हणणार. 'आमचे हे' म्हणायची, तेव्हा ऐकायला ते होते.

घरात नारळ जड, कढई जड, खाटेचे पाय जड. आमची रजई अशी होती की ती अंगावर असताना कूस बदलायची तर दोघांनी आधी ठरवावं लागे. मला बघायला आले तेव्हा मी अंगाने चांगली भरलेली होते. पसंतीचं दुसरं कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

याच घरात माझी नणंद राहायची. सासू-सासरे लांजीकडच्या गावी वारले आणि ती शाळा सोडून आमच्याकडे खाणीच्या क्वार्टरात आली. सावळी, बारीक, आणि हात एवढेसे की भाकर थापायला बसली तर पुरी व्हायची. भावाच्या हिशोबात ती दुसऱ्या प्रतीची. जीव होता त्याचा तिच्यावर, नव्हता असं मी म्हणणार नाही. पण माणसाला जीव वेगळा दिलेला असतो आणि कान वेगळे. दोन्ही वापरलेच पाहिजेत असा काही नियम नाही.

खाणीच्या बंगल्यावर एक बंगाली इंजिनियर होते. त्यांच्या बाईंचे कपडे शिवायला नणंद जायची. बाई हवाईयन गिटार वाजवायच्या. मी तोवर गिटार सिनेमाच्या पोस्टरवर बघितला होता, छातीशी धरलेला. हा तसा नाही. हा मांडीवर आडवा घ्यायचा, पाटा घ्यावा तसा. तारा लाकडापासून चांगल्या उंच ताणलेल्या. उजव्या हाताच्या बोटांत लोखंडी नख्या घालून त्या छेडायच्या, आणि डाव्या हातात एक गुळगुळीत लोखंडी दांडी धरून तारांवरून नुसती सरकवायची. त्या दांडीला म्हणतात बार. तार दाबायची नाही, दांडी फक्त टेकवायची. मग गिटार असा रडतो की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कोणी गेलं. लोकांना ते आवडायचं. त्या काळी ज्याच्या-त्याच्या घरी रेडिओवर तेच रडणं चालू असायचं.

नणंद शिवायला जायची आणि वाजवायला शिकून आली. ब्लाऊज कमी झाले असतील, मला माहीत नाही. बाईंनी कधी तक्रार केली नाही. पुढे साहेबांची बदली झाली तेव्हा बाईंनी गिटार हिला देऊन टाकला, नख्यासुद्धा दिल्या. बार मात्र दिला नाही.

"बार देत नसतात," त्या हिला हिंदीत म्हणाल्या. "हा माझ्या हाताचा आहे. तुझा तू शोध."

मला ते गाय देऊन दावं ठेवून घेतल्यासारखं वाटलं. मी नणंदेला तसं म्हटलंही.

"नाही वहिनी, बरोबर हाय बाईचं," ती म्हणाली. "त्यायचा हात मोठा हाय. मले तो तसाही होत नव्हता."

मग घरात शोध सुरू झाला. आधी माझं लाटणं गेलं. लाकडाने तार बोलत नाही म्हणून ते परत आलं. औषधाची बाटली झाली, तिचा आवाज पातळ येई. खलबत्त्याचा बत्ता उचलला तेव्हा मी हातावर मारलं. शेवटी शेजारणीचा नवरा खाणीच्या ट्रकांच्या गॅरेजात होता, त्याने एका पिशवीत भंगार आणून दिलं आणि एक दुपार ही पोरगी त्या भंगारात बसली. एकेक तुकडा डाव्या हातात घ्यायचा, तारांवर टेकवायचा, सरकवायचा, कान द्यायचा, बाजूला टाकायचा. हा आखूड, सहाव्या तारेपर्यंत पोचत नाही. हा लांब, पुढे टोक निघतं आणि तिरपा धरला की नसत्या तारेला लागतं. हा बारीक, तार चरचरते. हा जाड, पकडला तर मागची बोटं हवेत.

"मागच्या बोटांचं काय काम?" मी विचारलं. शेंगा फोडत बसले होते, काहीतरी बोलायचं म्हणून.

"बार पुढे गेला का मागं तारा थरथरत राह्यते. करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट मागून घसटत न्यावं लागते, तवा त्या चूप बसते. जाड बार धरला का बोटंच टेकत नाही खाली."

बऱ्याच घरांत मी नवरा याच्यापेक्षा कमी वेळात निवडलेला बघितला आहे.

शेवटी तिला पाहिजे ते सापडलं. ट्रकच्या पिस्टनमधली पिन. आतून पोकळ, म्हणून हलकी. बाहेरून आरशासारखी घासलेली. सहा तारा झाकून थोडी उरेल एवढी लांब. हिच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत अशी बसली जशी कुलपाची किल्ली त्याच कुलपात बसते. राखेने आणि चिंचेने घासून तिने ती चकचकीत केली आणि मग दोन वर्षं आमच्या क्वार्टरात संध्याकाळ झाली की रडारड. मला सुरातलं काही कळत नाही. पण शेजारणी भाजी निवडायला आपल्या ओसरीवरून आमच्या ओसरीवर यायला लागल्या, त्यावरून बरं वाजवत असावी.

नवऱ्याने त्या पिनेकडे दोन वर्षांत ढुंकूनही बघितलं नाही. हलकी वस्तू, त्याला दिसलीच नसेल.

नणंदेला स्थळं बघणं चालू होतं. लोक यायचे, पोहे खायचे, आणि 'कळवतो' म्हणून जायचे. मुलगी सावळी आहे हे बालाघाट स्टेशनावर उतरायच्या आधी त्यांना सांगितलेलं असायचं, पण ते बघून खात्री करून घ्यायला यायचे. मग गोंदियाचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, वडिलांचा तांदळाचा व्यापार. राज्यं वाटली तेव्हा गोंदिया-नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही जागचे न हलता इकडे मध्य प्रदेशात राहिलो, त्यामुळे छोट्या गाडीने मुलगी गोंदियाला द्यायची तरी म्हणताना 'महाराष्ट्रात दिली' म्हणता येत होतं. नवऱ्याला हे फार आवडलं. महाराष्ट्र म्हणजे वजनदार.

त्या लोकांनी निरोप पाठवला की मुलगी गिटार वाजवते असं ऐकलंय, तर आल्यावर ऐकायचा आहे.

तो निरोप ऐकून नणंद माझ्यापाशी चुलीजवळ येऊन बसली. बराच वेळ लाकडं पुढे-मागे करत होती.

"वहिनी, मले हे स्थळ पायजे," ती म्हणाली.

"पोराले पाह्यलं तरी हाय का तू?"

"नाही. पण आतापर्यंत जे आले त्याईनं, पोरगी कशी दिसते, एवढंच इचारलं. ह्याईनं काय येते ते इचारलं. तिथं वाजवू देतील मले. गिटार तिथं नेता येईल."

कुठल्याच मुलीने स्थळ मागायचं नसतं, तेव्हा तर अजिबातच नाही. हिने मागितलं. आणि ते सगळं आता एका वाजवण्यावर अडलेलं होतं. मी तिला म्हटलं, मग नीट वाजव, आणि डाळ हलव, लागतेय.

इथे माझ्या नवऱ्याला दोन वर्षांनी ती पिन दिसली.

"पाव्हण्यायसमोर ट्रकचं भंगार घेऊन बसणार हाय हे?" तो म्हणाला. "काय म्हणतील ते? खाणीवाल्यायच्या घरी बार घ्याची ऐपत नाही म्हणतील."

"दादा, मले हाच बरा हाय जी."

"तुले काय समजते! ओरिजनल ते ओरिजनल."

आणि गडी नागपूरला गेला. सोबत तिला न्यायचं त्याच्या डोक्यात आलं नाही, त्याच्या वयाच्या कोणत्याच माणसाच्या डोक्यात आलं नसतं. वाजवायची वस्तू घ्यायची म्हणजे बाजारात जायचं, आणि बाजारात बाईचं काय काम?

दुकानात काय झालं ते त्याने आल्यावर उभ्या-उभ्या सांगितलं. दुकानदाराने काचेवर बार मांडले, लहान-मोठे, बारीक-जाड. विचारलं, कुठला देऊ? आणि माझ्या नवऱ्याने जे केलं ते भरवेलीच्या माणसाशिवाय जगात कोणी केलं नसतं. त्याने एकेक बार उचलला, डोळे मिटले आणि हातात वर-खाली केला. माल पारखला. जो सगळ्यात जड निघाला, तो घेतला.

"दुकानदार पाहातच राह्यला," तो म्हणाला. "म्हणे, भाऊ, तुम्हाले पारख हाय."

दुकानदार बिचारा दुसरं काय म्हणणार. गिऱ्हाईक डोळे मिटून उभं.

तो बार त्याने नणंदेच्या हातात ठेवला तेव्हा तिचा हात खाली गेला. भरीव लोखंड, वर चकचकीत मुलामा, माझ्या अंगठ्याच्या दुप्पट जाड. मखमलीची पिशवी होती त्याला. सुनेला नसते एवढी इज्जत त्या बाराला पहिल्या दिवसापासून मिळाली. देवघरात नेऊन कुंकू लावलं.

मग ती वाजवायला बसली. पहिले तिने तो उचलूनच धरला, तर मनगट कापायला लागलं. टेकवला, तर वजनाने तारा खाली दबून सूर चढला. मागची बोटं हवेत, त्यामुळे तारा मागे आपल्या मनाने कोकलत राहिल्या. जिथे थांबायचं तिथे बार थांबेना, पुढेच जाई, उतारावरच्या बैलगाडीसारखा. मला सुरातलं कळत नाही हे मी आधीच सांगितलं. हे मलाही कळलं. शेजारणी आपापल्या ओसरीवर परत गेल्या.

"सवय होईल," नवरा म्हणाला.

"दादा, हा मले मोठा होते. बदलून आणता का?"

"अवं, दुकानदारानंच सांगतलं, वजनदार बारचा सूर लांब चालते!"

नंतर नणंद मला म्हणाली, दुकानदार काही खोटं नाही बोलला. जड बारचा सूर खरंच लांब चालतो. दादाच्या पंजात हा बार चांगला वाजला असता. "दादानंच वाजवावं मंग," ती म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच काय ते वाईट बोलणं.

मी पण एकदा ताट वाढताना विषय काढला. म्हटलं, तिचा हात बघा न कधी. तो म्हणाला, "लग्नात काय हात पाह्यते लोकं?" मला त्यावर बोलता आलं असतं. भात गार होत होता.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कासारीण आली. मुलगी बघायला येणार म्हणजे हातात नव्या चुड्या पाहिजेत, हे आमच्याकडे ठरलेलं. ती ओसरीत टोपली टेकवून बसली आणि नणंदेचा हात आपल्या हातात घेऊन दाबून बघायला लागली. कासारणी बघतात तसा. अंगठा आत मोडून, गाठी दाबून, किती जागा देतो ते. बाकीचे लोक मुलीचा हात मागतात, हात फक्त ती धरते.

"सव्वादोनचं माप हाय पोरीचं," ती म्हणाली. "लेकराचा हात हाय बाप्पा."

"डाव्या हातात तंग भर," नणंद म्हणाली. "वर राह्यल्या पायजे."

"काहून? दोन्ही हात बहिणी-बहिणी. एक तंग, एक ढिला कायले?"

"डाव्या हातानं बार धरावं लागते. चुड्या खाली आल्या का तारांवर खणखण करते."

कासारणीला बार म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून मी मखमलीची पिशवी आणून दाखवली. तिने तो बाहेर काढला, बघितला, मग नणंदेच्या हाताकडे बघितलं, परत बाराकडे.

"हे कोणाच्या हाताचं माप घेऊन आणलं?"

"दादाच्या," नणंद म्हणाली.

"हौ काय? मंग चुड्याई दादालेच भरू का? बोलवा त्याले!"

मी जी हसत सुटले ती टोपलीतल्या चुड्या किणकिणेपर्यंत. नणंद पण हसली, पुष्कळ दिवसांनी. आत नवरा दाढी करत होता. त्याने ऐकलं. गालाला कापून घेतलं त्याने, पण बोलला काही नाही. कासारणीला पुरुष बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो मला म्हणाला, "ते भंगार फेकून दे. पाव्हण्यायच्या नजरेले नाही पडलं पायजे."

मी पिन तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. नजरेला पडायची नाही, एवढंच मी त्यातलं ऐकलं.

छोट्या गाडीने पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आई. मुलगा उंच, गप्प. आई पण गप्प, पण तिचं गप्प बसणं वेगळ्या प्रकारचं, भिंती मोजत बसल्यासारखं. वडील बोलत होते. तांदळाच्या व्यापारी माणसाला आणि मँगनीजच्या माणसाला एकमेकांशी बोलायला काय सापडावं? वजन सापडलं. खाण किती खोल, वॅगनमध्ये माल किती, पोत्यात घट किती. मुलगी आतून आली, पोहे दिले, नमस्कार केला, बसली. दोघं अजून घटीवरच होते.

मग नवऱ्याने मखमलीची पिशवी काढली.

"हे पाहा जी. नागपूरहून आणला. ओरिजनल."

मुलाच्या वडलांनी बार घेतला आणि हातात वर-खाली केला. मी दारामागून बघत होते. दोघंही डोळे मिटणार असं मला वाटलं.

"वजन हाय," ते म्हणाले.

"हाय ना!" नवरा म्हणाला. असा समाधानी मी त्याला आमचा मुलगा झाला तेव्हाही बघितला नव्हता.

बार आईकडे गेला. तिने तो घेतला, किती जड आहे ते बघून लगेच मुलाकडे दिला. मुलाने हातात धरला. मग जे त्या घरात कोणालाच सुचलं नव्हतं ते तो बोलला. नणंदेकडे बघून म्हणाला,

"जड नाही होत का हा तुमाले?"

नणंदेने तोंड उघडलं, तोवर भावाने उत्तर दिलंही. "नाही जी! सवय हाय तिले."

ती वाजवायला बसली. काय वाजवलं ते मी सांगणार नाही, कारण कळत नव्हतं. सुरुवात जिथून व्हायला पाहिजे तिथून थोडी वरून झाली. मग ती खाली आणायला गेली तर बार घसरून पार खाली. तारा मागे कोकलल्या. चुड्या मात्र वर राहिल्या, कासारणीने काम नीट केलं होतं. मुलाची आई पोह्यातला शेंगदाणा शोधत होती. वडील म्हणाले, "वा." माणूस पोहे खाऊन बसला असला की एवढं तरी म्हणतो. मुलगा जमिनीकडे बघायला लागला होता. मी पण बघितलं, सारवण चांगलं झालं होतं.

आणि ती थांबली. गाणं संपलं म्हणून नाही, अर्ध्यातच. बार तारांवरून उचलला, मखमलीच्या पिशवीत घातला आणि पिशवी भावाच्या पुढ्यात ठेवली.

"होते जड," ती मुलाला म्हणाली. मघाच्या प्रश्नाचं उत्तर होतं ते. मग दाराकडे वळून, आवाज जराही न वाढवता, "वहिनी, माझा बार आणा."

नवऱ्याने माझ्याकडे अशी मान हलवली की खबरदार. मी तेव्हा डोक्यावर पदर नीट करत होते, त्यामुळे ते मला दिसलं नाही. आत जाऊन तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पिन सापडेना. शेवटी डबा आडवा केला तेव्हा ती तांदळासकट बाहेर आली. पदराने पुसली आणि सुपारीच्या तबकात ठेवून नेली, म्हणजे काही तरी रीतभात राहील.

"हे काय हाय?" मुलाच्या वडलांनी विचारलं.

नवऱ्याने घसा साफ केला. काय सांगणार होता देव जाणे. नणंदच बोलली.

"ट्रकची पिन हाय जी. पिस्टनमधली."

"भंगारातली?"

"हौ."

मग तिने वाजवलं. पोकळीत दोन तांदूळ अडकले होते, ते मधूनच खुळखुळायचे. बाकी जे आमच्या ओसरीवर दोन वर्षं चालायचं तेच. शेजारणी आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भाजी घेऊन यायचं राहिलं त्यांचं, एवढ्यावरून काय समजायचं ते मी समजले. मुलाच्या आईने शेंगदाणा शोधणं सोडलं. मुलाने मान वर केली आणि मग शेवटपर्यंत तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. नवरा मखमलीच्या पिशवीकडे बघत होता.

जाताना वडील म्हणाले, "कळवतो."

हा शब्द आमच्या ओळखीचा होता. गाडी सुटली असेल एवढा वेळ जाऊ देऊन नवऱ्याने तोंड उघडलं.

"चार लोकायत भावाचं नाक कापलं! आता कोण करते तुले? जी पोरगी भावाचं आयकत नाही ते सासऱ्याचं आयकन?"

नणंदेने गिटारला खोळ घातली, चुड्या मनगटावर खाली सरकवायचा प्रयत्न केला, त्या तंग होत्या. मग सांडलेले तांदूळ वेचायला बसली. रडली असेल तर माझ्याकडे पाठ होती. मी पण वेचायला बसले. तिला समजवायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण नवऱ्याचं म्हणणं मला पण खरंच वाटत होतं. पाहुणे असलं विसरत नाहीत.

पुढचे बरेच दिवस ती वाजवायला बसली नाही. भाऊ तिच्याशी बोलेना, ती कोणाशीच बोलेना, आणि मी दोघांचं बोलणं इकडून तिकडे नेत होते. 'दादाला सांगा पाणी तापलं.' 'तिला सांग साबण नाही.' एका खोलीत.

मग ज्यांनी स्थळ आणलं होतं ते गृहस्थ स्वतः आले. म्हणाले, पसंत आहे. तारीख काढा.

नवरा खाटेवरून उठून उभा राहिला. "काय म्हणले ते?"

"म्हणले, पोरगी कामाची हाय. बाजारातला ओरिजनल बाजूले ठेवला अन् भंगारात भागवलं. अशी पोरगी संसार करते. आपल्याले खर्चिक सून नाही पायजे म्हणे."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. नणंद तिथेच होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सुराचं कोणाला काही नाही. खर्च वाचला म्हणून पसंत.

"आता?" मी म्हटलं. "भंगारावर पास झाली तू. करतं का लग्न?"

तिने थोडा विचार केला.

"पोरानं काय म्हटलं, ते इचारा न त्याले."

आता हे मी जाऊन विचारायचं. मी चहा घेऊन गेले आणि विचारलं. ते गृहस्थ हसले. म्हणाले, पोरगं काही फार बोलत नाही. एवढंच म्हणालं की सामानात गिटार येऊ द्या, अन् तो छोटा बार विसरू नका म्हणावं, इथे दुसरा तसा मिळणार नाही.

मी आत येऊन सांगितलं. ती चूल फुंकायला लागली, चूल पेटलेलीच होती.

लग्नात नवऱ्याने मखमलीची पिशवी पण सामानात घातली. त्याचं म्हणणं, शेवटी ओरिजनल ते ओरिजनल, कधीतरी सवय होईल. नणंदेने ती गुपचूप माझ्या लुगड्याच्या घडीत ठेवून दिली आणि गेली.

वर्षभराने मी गोंदियाला तिच्याकडे गेले. घर मोठं, माणसं पुष्कळ, दारात तांदळाची पोती. गिटार कुठे दिसेना. मी विचारलं नाही. मुली सासरी गेल्या की गिटार, शिलाई मशीन, चित्रांच्या वह्या, सगळं माळ्यावर जातं हे मला माहीत होतं. विचारून तिला कशाला बोलायला लावायचं? सासू सांगत होती, सून बरी आहे, काटकसरी आहे, भाकर लहान करते एवढंच. मी हौ-हौ करत होते. तेवढ्यात नणंद पाणी घेऊन आली. ग्लास दिला तेव्हा मी तिचे हात बघितले. उजव्या हातातल्या हिरव्या चुड्या मनगटावर. डाव्या हातातल्या पार वर, कोपराजवळ, तंग. आणि त्या खाली येऊ नयेत म्हणून खालून सायकलच्या ट्यूबचं एक रबर.

"हे काय नवीन?" मी म्हटलं.

"रोज संध्याकाळी असंच," सासूच बोलली. "अन् मंग ते रडारड. कान किटले बाप्पा. शेजारच्या बाया भाजी घेऊन येऊन बसते आमच्या ओसरीवर, चहा आमीच पाजाचा!"

मी पाणी प्यायले. चांगलं गार होतं.

नागपूरचा बार अजून माझ्याकडे आहे. मुलामा उडाला, मखमल उंदरांनी खाल्ली. आलं त्याने फार छान ठेचलं जातं. नवरा होता तोवर कोणी चहाला आलं की आवर्जून सांगायचा, हा आल्याचा चहा साध्या बत्त्याचा नाही, ओरिजनलचा आहे. आणि पाहुण्याच्या हातात देऊन म्हणायचा, "वजन पाहा जी."